आई-बाबा, आम्ही चौथे आलो

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा आधी नंबरच विचारणार, म्हणून तोच आधी सांगते: क्विझच्या स्पर्धेत चौथा. सेमीफायनलला नागपूरच्या टीमने 245–230 असं हरवलं. तिसऱ्या जागेच्या मॅचपर्यंत आमची डोकी पार बधीर झाली होती, त्यामुळे तीही गेली. कप नाही, सर्टिफिकेट आहे.

टीव्हीवर बघता तसलं हे नसतं हो, चार पर्याय वगैरे काही नाही. 1953 साली अमेरिकेत रेडिओवर ‘कॉलेज बोल’ सुरू झालं, त्याच घराण्यातला हा क्विझ बोल. चार-चार जणांच्या दोन टीम, प्रत्येकापुढे बझर. प्रश्न चांगला पाच-सहा ओळींचा. सुरुवात महाअवघड, शेवट शेंबड्या पोरालाही यावा असा. मधेच बझर दाबायचा. बरोबर आलं तर 10, फार लवकर ओळखलं तर 15, आणि घाईत चुकलं तर उणे 5. नुसतं माहीत असून भागत नाही, समोरच्याच्या आधी आठवावं लागतं.

आई, एक प्रश्न तर तुझाच होता. ‘शुक्रावरच्या एका विवराला यांचं नाव दिलं आहे...’ सगळे गप्प. ‘यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी...’ दाबला बझर! आनंदीबाई जोशी. फिलाडेल्फिया, 1886 ची डॉक्टरची पदवी, हे सगळं पुढे यायचं होतं, ते वाचायची वेळच आली नाही. समोरचा मुलगा म्हणाला, हे वाचलंस कुठे? वाचतेय कुठली! भाजी निवडताना तूच सांगायचीस ना, एवढी शिकून आली, बाविशीही गाठली नाही, पुण्यात गेली आणि राख मात्र सातासमुद्रापार.

सेमीफायनलचा शेवटचा प्रश्न मात्र जिव्हारी लागला. ‘1925 पासून या कामाचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर...’ एवढं ऐकून नागपूरच्या मुलीने सांगून टाकलं, महाभारताची चिकित्सक आवृत्ती. म्हणजे आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेचं काम! आमच्यातले दोघे रोज लॉ कॉलेज रोडने तिच्यावरूनच ऑफिसला जातात, आणि उत्तर दिलं नागपूरने. हरल्यापेक्षा याचंच दुःख टीममध्ये जास्त आहे. पुणेकर आहेत, काय करणार!

नाट्यसंगीताचा अख्खा बोनसही (बरोबर उत्तर दिलेल्या टीमला मिळणारे जादा प्रश्न) हातचा गेला. तीस गुण, बाबा! आता संगीत हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. तेव्हा येत्या शनिवारी फोनवर कुठलं पद कुठल्या रागातलं ते सांगायला बसा. अर्धा तासच हं. (आई, हसू नकोस. बाबांचा अर्धा तास मलाही माहीत आहे.) ‘नोकरी सांभाळून हे उद्योग कशाला’ हा विषय त्या दिवशी काढायचा नाही.

गुडघ्याच्या गोळ्या कुरिअरने पाठवल्यात, मिळाल्या की कळवा.

तुमची,
मनू