लेकींना लस मिळाली, आयांचं काय?

मा. संपादक,
स. न.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्ध मुलींना द्यायच्या लसीवरचा आपला लेख वाचला. लेख चांगला आहे आणि लसीबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळेत लस द्यायला लागले. बारा-तेराव्या वर्षी ती घेतलेल्या मुलींपैकी एकीलाही गर्भाशयमुखाचा कॅन्सर झाल्याची नोंद नाही, असं तिथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. रवांडाने २०११ मध्ये सुरुवात केली आणि दहापैकी नऊ मुलींपर्यंत पोचून श्रीमंत देशांना लाजवलं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना एकाच डोसचा पर्यायही मान्य करते. हे सगळं उत्तमच आहे.

माझी तक्रार आहे ती लेख जिथे थांबतो त्या जागेबद्दल. आज लस घेतलेली बारा वर्षांची मुलगी या कॅन्सरच्या वयाला पोचायला अजून वीस-तीस वर्षं आहेत. तिचा हात धरून रांगेत उभी असलेली आई मात्र आजच चाळिशीला आली आहे. तिला आता लसीचा फारसा उपयोग नाही, आणि आपल्या लेखात ती फक्त ‘पालक’ म्हणून येते. जगात २०२२ या एका वर्षात या कॅन्सरने सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या. पुढची कित्येक वर्षं ज्या जाणार आहेत, त्या बहुतेक अशाच आया आहेत.

मी सायटोलॉजी टेक्निशियन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणारी, होते. निवृत्त होईपर्यंत पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयमुखावरून ब्रशने घेऊन काचेवर पसरलेल्या पेशींच्या, स्लाइड वाचणं हेच माझं काम. स्लाइड एका कोपऱ्यातून धरायची आणि नांगरटीसारखी वर-खाली, वर-खाली सरकवत न्यायची. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलाच पाहिजे, मध्ये फट राहता कामा नये. रंगवलेल्या पेशी दिसायला सुरेख असतात, कुठे गुलाबी-केशरी, कुठे निळसर-हिरव्या, मध्ये केंद्रकाचा गडद ठिपका. अशा हजारो शहाण्या पेशींत कधीतरी एखादा पुंजका दिसतो. त्यातली केंद्रकं फुगलेली, खरबरीत, आणि भोवती पेशीला जेमतेम जागा उरलेली. आपण शोधत असतो तो हा पुंजका. तो कधी दहा-बारा पेशींचाच असतो, कधी रक्ताखाली दडलेला असतो, आणि कधी स्मिअर घेताना ब्रश योग्य जागी फिरलाच नाही म्हणून स्लाइडवर आलेलाच नसतो. मग रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ जातो, आणि वाचणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

स्वस्तात ढिगाने स्लाइड वाचणाऱ्या प्रयोगशाळांचा बोभाटा अमेरिकेत १९८७ मध्ये झाला. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे कायदा आला, आणि एका माणसाने चोवीस तासांत शंभरापेक्षा जास्त स्लाइड वाचायच्या नाहीत अशी मर्यादा पडली. मला विचाराल तर शंभरही फार झाल्या.

तरीही या तपासणीने लाखो बायका वाचवल्या आहेत. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ आलं ते डॉ. पापानिकोलाऊ मूळचे ग्रीसचे. अमेरिकेत गिनीपिगच्या पेशी तपासता तपासता ते माणसांकडे वळले, आणि १९४१ मध्ये हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबरच्या लेखातून ही पद्धत डॉक्टरांच्या गळी उतरली. पुढे फिनलंडने साठच्या दशकात देशभरातल्या बायकांना दर पाच वर्षांनी घरी पत्र पाठवून तपासणीला बोलवायला सुरुवात केली, आणि तिथे हा कॅन्सर सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटला. ब्रिटनमध्येही तपासणी १९६४ पासून होती. पण जिला वाटेल तिने यावं असा कारभार असल्यामुळे चोवीस वर्षं म्हणावा तसा फरक पडला नाही. १९८८ मध्ये बायकांच्या संगणकीय याद्या करून बोलावणं आणि पुन्हा बोलावणं सुरू झालं, तेव्हा कुठे आकडा खाली यायला लागला. स्लाइड, ब्रश, रंग, सगळं पूर्वीचंच होतं. नवी होती ती फक्त यादी.

आता माझ्याच विद्येविरुद्ध साक्ष देते. १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे एक लाख एकतीस हजार बायकांवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे गट पाडले. एका गटाला एकदा एचपीव्ही चाचणी, म्हणजे पेशींऐवजी थेट विषाणूचाच शोध, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे केले होते. स्मिअरच्या गटात मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. आमच्या क्षेत्रातल्या पुष्कळांना हे रुचलं नाही. मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. स्मिअर पुन्हा पुन्हा केला तर एकदा निसटलेलं पुढच्या खेपेला सापडतं. ज्या बाईची तपासणी जन्मात एकदाच होणार आहे, तिच्यासाठी एचपीव्ही चाचणीच हवी.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा सल्ला तोच आहे. तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची डीएनए चाचणी. एचआयव्ही असलेल्या बायकांना धोका सुमारे सहापट, म्हणून त्यांच्यासाठी पंचविशीपासून, तीन ते पाच वर्षांनी. तिशीच्या आत ही चाचणी सरसकट करत नाहीत, कारण त्या वयात विषाणू पुष्कळांच्यात सापडतो आणि आपोआप जातो.

या चाचणीचा आणखी एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पडद्याआड जायचं, मऊ स्वॅब आत घालून फिरवायचा आणि नळीत टाकून द्यायचा. टेबलावर पाय फाकवून पडायला नको, आणि अनोळखी माणसाने स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडा धरायचं उपकरण, घालायला नको. चाचणी पीसीआर पद्धतीची असेल तर असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या डिसेंबरात स्मिअर बाजूला ठेवून एचपीव्ही चाचणी आणली आणि जुलै २०२२ पासून स्वतः नमुना घेण्याची मुभा सगळ्यांना दिली. बायका तपासणीला का येत नाहीत यावर मी असंख्य भाषणं ऐकली आहेत. त्यातल्या बहुतेक वक्त्यांवर त्या टेबलावर चढायची वेळ कधी आलेली नव्हती.

मात्र रिपोर्ट देताना समोर बसून बोलायला माणूस हवा. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. नवऱ्याने किंवा बायकोने बाहेर काही केल्याचा तो पुरावाही नव्हे. हा विषाणू बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी भेटतो, बहुधा दोनेक वर्षांत निघून जातो, आणि कधी वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. तो कधी आला हे कोणालाच सांगता येत नाही. एवढं धड न सांगता हातात कागद दिला तर त्या कागदावरून संसार मोडतात.

विषाणू टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एवढी सवलत फार थोडे कॅन्सर देतात. त्या मुदतीत बदललेला भाग सापडला तर थर्मल ॲब्लेशनने, म्हणजे तापवलेल्या छोट्या टोकाने, तो मिनिटाभरात जाळता येतो. भाग मोठा असेल तर विजेच्या तारेच्या फासाने काढतात. गर्भपिशवी काढायची बहुधा गरज नसते, पूर्ण भूलही लागत नाही. शक्य असेल तिथे हे त्याच दिवशी उरकावं, कारण ‘पुढच्या महिन्यात या’ म्हटलं की बाई हरवते. आमच्याकडे न नेलेल्या रिपोर्टांचा एक खण होता. त्यात ‘तातडीने दाखवा’ असा शिक्का मारलेली पाकिटंही पडून असायची. पत्ता अर्धवट, किंवा गाव सोडलेलं. ती पेशी मी शोधून काढली याचा त्या बाईला काडीइतका उपयोग झाला नाही.

कॅन्सर झालाच तर सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रिया, आणि पुढे गेलेल्या आजारात किरणोपचाराबरोबर सिस्प्लाटिन हे केमोचं औषध, हे १९९९ पासून रूढ आहे. त्यात आतून द्यायचे किरण, म्हणजे ब्रॅकीथेरपी, फार महत्त्वाचे आहेत, आणि नेमकं ते यंत्र जगात कित्येक ठिकाणी नाही. २०२४ मध्ये इंटरलेस नावाच्या उपचार-अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. किरणोपचाराआधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं दिल्यावर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेलं. ही दोन्ही औषधं जुनी आहेत, त्यामुळे नव्या महागड्या औषधांइतकी त्यांची जाहिरात होणार नाही. निदान बातमी तरी व्हावी.

संबंधानंतर, पाळीच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर तपासणीच्या बोलावण्याची वाट पाहू नये. थेट डॉक्टरांकडे जावं. हे वाक्य कृपया कापू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी तीन उद्दिष्टं ठेवली आहेत: नव्वद टक्के मुलींना लस, सत्तर टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत दुसऱ्यांदा तपासणी, आणि दोष सापडलेल्या नव्वद टक्के जणींवर उपचार. आपल्या लेखात पहिला आकडा मथळ्यात होता, दुसरा शेवटून दुसऱ्या ओळीत, आणि तिसरा नव्हताच. पुढच्या वेळी लसीची बातमी छापाल तेव्हा अधिकाऱ्यांना आणखी तीन प्रश्न विचारा: किती जणींची तपासणी झाली, किती पॉझिटिव्ह निघाल्या, आणि त्यांतल्या किती जणी उपचार घेऊन घरी गेल्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर तेही छापा.

आपली,
एक निवृत्त सायटोलॉजी टेक्निशियन