वाळूतलं पीक कुणाच्या खात्यात येतं?

मा. ग्रामीण व्यवहार मंत्री,
वेल्स सरकार, कार्डिफ यांस,

स. न. वि. वि.

मी मूळची वेंगुर्ल्याकडची, आता स्वॉन्झीकर. (इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे, ही आमच्या माणसांनीही वाचावी म्हणून.) विषय स्वॉन्झीजवळच्या गॉवर द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्याचा आहे: लॅनरिडियनची खाजणं आणि त्याला लागून असलेलं पेनक्लॉड.

लॉखर नदीच्या मुखाशी भरतीचं पाणी खाजणाला भिडतं आणि सुकतीला मैलोगणती वाळू उघडी पडते. त्या वाळूत बोटभर खाली कॉकल असतात, आमच्या तिसऱ्यांसारखेच शिंपले. पुरुष कोळशाच्या खाणीत आणि बायका गाढवं घेऊन वाळूवर, अशी इथल्या कित्येक घरांत कामाची वाटणी होती. दाताळ्याने वाळू ओढायची, चाळण हलवायची. बारीक शिंपले खाली गळून पडत, तेच पुढचं पीक. मोठे उकडून स्वॉन्झीच्या बाजारात न्यायचे. बूट झिजू नयेत म्हणून बायका अनवाणी चालत आणि शहराजवळच्या ओढ्यात पाय धुऊन बूट घालत, असं इथले लोक सांगतात. त्या बाजारात कॉकल आजही विकले जातात, शेजारी लेव्हरब्रेड, म्हणजे समुद्रशेवाळ शिजवून केलेला काळाकुट्ट लगदा.

1965 पासून इथे परवाना लागतो. यंत्राने उपसा नाही, काढणी हातानेच. 2001 मध्ये या व्यवसायाला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या, टिकाऊ मासेमारीची पारख करणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्रही मिळालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॉकल विकण्याजोगे होण्याआधीच मोठ्या प्रमाणात मरू लागले. सरकारी तपासात एकाच जागी झालेली दाटी, परजीवी, विणीनंतरचा अशक्तपणा अशी कारणं पुढे आली. काढणाऱ्यांचं बोट मात्र सांडपाण्याकडे राहिलं.

कोण बरोबर, ते मी ठरवणार नाही. पण 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने गॉवर्टन आणि लॅनेली इथल्या सांडपाणी व्यवस्थेवरून ब्रिटनला दोषी धरलं. ही दोन्ही ठिकाणं याच खाडीवरची. खटला कॉकलचा नव्हता, हे मान्य. तरी काढणाऱ्यांचा संशय हवेतला नव्हता एवढं त्यातून दिसतं. याआधी, 1970च्या दशकात कॉकल घटले तेव्हा दोष पक्ष्यांवर आला आणि सरकारने शिंपले खाणारे हजारो पक्षी गोळ्या घालून मारले होते. पक्ष्यांना वकील नसतो.

गॉवरचं निसर्गसौंदर्य 1956 पासून संरक्षित आहे, असा मान मिळालेला ब्रिटनमधला तो पहिला प्रदेश. खाजणावर चरणाऱ्या मेंढ्यांच्या कोकरांच्या मांसाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं! पण खाजण ओलांडून चार पावलं वाळूवर गेलं की हाच गाव कुणाच्या टेबलावरचा विषय, ते कळेनासं होतं. मेंढपाळ शेतकरी ठरतो. मग कॉकल काढणारा कोण?

मागण्या मोजक्याच आहेत. पावसात कुठल्या गटारातून किती वेळ सांडपाणी खाडीत सुटलं आणि कॉकलची मरतूक कुठे, कधी झाली, या दोन्ही नोंदी दर हंगामाला एकाच तक्त्यात प्रसिद्ध करा. तपासाचे नमुने घेताना परवानाधारकांना सोबत न्या. ती वाळू त्यांना पायाखालची आहे. आणि पीक बुडेल त्या वर्षी परवान्याचं शुल्क माफ करा.

आपली,
एक स्वॉन्झीकर