हॅलोविन: विकतचं आणि घरचं

महोदय,

३१ ऑक्टोबर जवळ आला, की हॅलोविन म्हणजे ‘अमेरिकी खूळ’ म्हणत नाकं मुरडली जातात. मुळात भुताखेतांची सोंगं घेण्याचा हा सण आयर्लंड-स्कॉटलंडचा. १९व्या शतकात तिथल्या स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि कंदील कोरायला भोपळा त्याला तिकडे भेटला. त्याआधी कंदील कोरत ते सलगमचे. हा कंद इतका टणक, की पोखरता पोखरता मनगट भरून यावं. तिथल्या डोनेगल परगण्यातल्या अशाच एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिचा चेहरा बघून खरोखर दचकायला होतं. आपल्या मॉलमधले प्लास्टिकचे सांगाडे त्यापुढे बापुडवाणेच.

बाकी मजाही घरचीच. आयर्लंडमध्ये बेदाणे घातलेल्या ‘बार्मब्रॅक’ पावात अंगठी, नाणं, चिंधी लपवतात. अंगठी आली तर लग्न, नाणं आलं तर पैसा, चिंधी आली तर कडकी! (दात सांभाळून खावं, हे वेगळं सांगायला नको.) स्कॉटलंडमध्ये काकवीसारख्या पाकात माखलेले स्कोन (छोटे, जाडसर पाव) दोरीला टांगतात आणि मुलांनी ते हात न लावता खायचे. कपड्यांचं काय होत असेल, ते आयांनाच ठाऊक.

तिथली आणखी एक रीत मला फार आवडते. सोंग घेऊन दारी आलेल्या मुलाने आधी गाणं, कविता किंवा विनोद सादर करायचा, मगच खाऊ. आमच्या सोसायटीत नुसतीच पिशवी पुढे येते. यंदा पार्टी ठेवणाऱ्या मंडळींनी एवढा नियम तरी उचलावा.

– एक वाचक, पुणे