'नस्तीबद्ध' म्हणजे काय हो, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन,
मुक्काम मुंबई (हिवाळ्यात काही दिवस नागपूर)

सप्रेम जय हिंद, जय महाराष्ट्र.

आपण कामात असाल, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं आहे. जमेल असं वाटत नाही.

सोमवारी कोतवालाने आपल्या सरकारचं एक पत्र आमच्या घरी आणून दिलं. पत्र माझ्या आईच्या नावाचं. आईचं वय 78. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाच बापू, काय लिवलं हाय?" मी वाचलं. आपणही वाचा:

"उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, अधिकार अभिलेखातील नाव व आधार प्रमाणीकरणातील नाव यामध्ये तफावत आढळून येत असल्याने सदर प्रकरणी पुढील कार्यवाही करणे शक्य नसून प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे."

आई म्हणाली, "बद्ध म्हंजे बांधलं. बांधलं म्हंजे पक्कं झालं ना रे?" आणि तिने उठून देवापुढे साखर ठेवली. मी गप्प राहिलो, कारण खरं सांगायचं तर मलाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. पानटपरीवर पत्र नेलं. एक जण म्हणाला, नस्ती म्हणजे नसती भानगड, तिच्यात तुम्हाला बांधून टाकलं. निवृत्त गुरुजींनी चष्मा लावला आणि सांगितलं की संस्कृतात 'न अस्ति' म्हणजे 'नाही', तेव्हा हे प्रकरण मुळातच नाही. शेवटी मंगळवारी तालुक्याला गेलो तेव्हा टेबलावरच्या बाबूने मान वर न करता अर्थ सांगितला. फाइल बंद.

मग 'फाइल बंद केली' असं लिहायला काय झालं होतं, साहेब? आईला कळलं असतं. एक चमचा साखर तरी वाचली असती.

प्रकरण काय ते सांगतो. सप्टेंबरात पाऊस असा झाला की आमच्या वावरात गुडघाभर पाणी चार दिवस उभं होतं. सोयाबीनच्या शेंगांना जागेवर कोंब फुटले, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पिवळी पडून बसली. आईच्या नावावर 1.42 हेक्टर कोरडवाहू. हेक्टरी साडेआठ हजारांनी 12,070 रुपये मदत होते. तालुक्याच्या सभेत आपल्या सरकारातल्या एका मंत्र्यांनी माईकवरून सांगितलं होतं की दिवाळीच्या आधी प्रत्येक कास्तकाराच्या खात्यात पैसे पडतील. दिवाळी गेली, संक्रांत गेली. ते मंत्री तुम्हीच होता की दुसरे, आता आठवत नाही. मफलर सारखाच असतो.

अडलं कुठे? काना. सातबारावर आईचं नाव 'चंद्रभागा' आहे. आधार काढताना ते इंग्रजीत टंकलं आणि मशीनने इंग्रजीवरून परत मराठी केलं. इंग्रजीत अ लाही तेच अक्षर आणि आ लाही तेच. मशीन बिचारं काय करणार? त्याने 'चन्द्रभगा' केलं. गावात त्यावर जे हसू झालं ते इथे लिहीत नाही. दुरुस्तीला नेलं तर भ ला काना मिळाला आणि ग चा गेला. आता आई 'चंद्रभाग' आहे. पुन्हा दुरुस्त करा म्हटलं तर मशीनवरचा पोरगा म्हणतो, काका, आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, एकदा झालं, आता जपून. अरे बाबा, नाव कोणाला बदलायचं आहे? पंढरपूरच्या नदीचं नाव आहे ते, तिच्या बापाने ठेवलेलं. मला फक्त काना लावायचा आहे!

सेतू केंद्रावर ई-केवायसीसाठी अंगठा लावायला सांगतात. आईचा अंगठा लागत नाही. साठेक वर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटांवरच्या रेघा पुसल्या आहेत. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवते आणि ती दर वेळी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवते. ते मला पाहवत नाही. तिसऱ्या खेपेला ती त्या पोराला म्हणाली, "बाबू, मी जित्ती हाओ ना रे?" सगळे हसले. मी बाहेर येऊन उभा राहिलो.

अकरा खेपा झाल्या. एका खेपेचे 38 किलोमीटर, एसटी वेळेवर आली तर. माझा डावा गुडघा नोकरीतच गेला आहे, आईला उतरताना धरायचं की स्वतःला, हा प्रश्न असतो. पेट्रोल, झेरॉक्स, चहा, प्रतिज्ञापत्र, मजुरी बुडाली ती वेगळी. लिहून ठेवलं नाही, पण पाचेक हजार गेले असतील. बारा हजारांसाठी पाच हजार. बाबू म्हणाला, "फौजी साहेब, तुम्हाला पेन्शन आहे ना, एवढ्याशा पैशासाठी कायले चकरा मारता?" या एका वाक्यासाठी हे पत्र जाहीर लिहितो आहे. पेन्शन माझी आहे. वावर आईचं आहे आणि ते पाण्यात गेलं.

हो, मी फौजी आहे. सतरा वर्षं नोकरी केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण कामठीला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या केंद्रात. या रेजिमेंटमध्ये जात-प्रांत पाहून भरती होत नाही, सगळ्या मुलखातली पोरं एका बराकीत. माझ्या शेजारी एका बाजूला नागा, दुसऱ्या बाजूला तमिळ. मला हिंदी बऱ्यापैकी येत होती, तमिळ पोराला 'सावधान' आणि 'विश्राम' यातला फरक कळायला आठवडा लागला. पण काही महिन्यांत तिघंही एका हाकेवर वळायला लागलो. कारण उस्ताद हुकूम दिला की विचारायचा, "समझे? दोहराओ." ज्याला दोहरवता आलं नाही त्याच्यासाठी तो पुन्हा सांगायचा, शिव्या घालून सांगायचा, पण सांगायचा. हुकूम कळला नाही तर माणूस मरतो, हे फौजेला माहीत आहे.

तुमच्या खात्याला हे कोणी शिकवलं नाही. तुमचा हुकूम कळला नाही तर तिकडे कोणी मरत नाही, इकडे मरतो. यवतमाळ जिल्ह्यात राहतो मी, यापेक्षा जास्त लिहायची गरज नसावी.

एक बाबू मला म्हणाला की ही प्रमाण मराठी आहे, तुमची वऱ्हाडी नाही, म्हणून कळत नाही. फार छान. मध्य प्रदेशातल्या माझ्या एका फौजी दोस्ताला फोन केला, तर तो म्हणाला 'नस्ती' त्यांच्या कचेरीतही चालते. जुन्या सी.पी. अँड बेरारची, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या एकत्र राज्याची, वाटणी झाली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर हा शब्दही दोघांच्या वाट्याला आला की काय, देव जाणे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, हे शाळेत शिकलो. त्याचा अभिमानच आहे. पण साडेतीनशे वर्षं झाली, तहसील, मौजा, अर्ज, दाखला हे सगळे फारसी-अरबी वळणाचे शब्द अजून आईच्या तोंडात आहेत. तिला कोणी फारसी शिकवायला आलं नव्हतं. शब्द कुठूनही आणा, आमची तक्रार नाही. तो जिभेवर बसला पाहिजे. पटवाऱ्याला तुम्ही आधी तलाठी केलं, आम्ही पटवारीच म्हणत राहिलो. आता ग्राम महसूल अधिकारी केलं. तुमच्या माणसाचं नाव तुम्हाला हवं तितक्यांदा बदलता येतं. माझ्या आईला दोनदाच.

आता कायद्याचं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा. म्हणजे सरकारने मराठीत कारभार करायचा हे ठरून साठ वर्षं उलटली. संविधानाचं कलम 350 सांगतं की कोणालाही आपलं गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. चांगलं कलम आहे. गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला, उत्तर समजायचा हक्क त्यात लिहायचा राहिला. कोर्टात जावं म्हटलं तर कलम 348 आडवं येतं, उच्च न्यायालयाचा कारभार इंग्रजीत. म्हणजे तालुक्याची मराठी कळत नाही म्हणून नागपूरच्या खंडपीठात जायचं आणि तिथली इंग्रजी कळत नाही म्हणून वकिलाला पैसे द्यायचे. काना केवढ्याला पडेल, हिशेब करा.

आणि साहेब, आम्हाला या राज्यात आणलं कशासाठी? भाषा एक म्हणून. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. त्याआधी 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला होता, नोकऱ्यांत वाटा, निधीत वाटा, वर्षाला एक अधिवेशन नागपुरात. अधिवेशन होतं, नाकारत नाही. हुरडा, संत्री, मोर्चे, परत मुंबई. विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ होतं, त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मी वेगळ्या विदर्भवाला नाही. 105 हुतात्म्यांचं नाव घेतलं की माझीही मान खाली जाते. पण एक भाषा म्हणून घरात घेतलं आणि घरात बोलता परक्यासारखं, हे बरं दिसत नाही.

भाषेवरून देश कसे घडतात-मोडतात हे फौजेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. मार्च 1948 मध्ये जिना ढाक्याला गेले आणि पाकिस्तानची भाषा उर्दू आणि उर्दूच असं बजावून आले. 21 फेब्रुवारी 1952 ला तिथे बंगालीसाठी उभ्या राहिलेल्या पोरांवर गोळीबार झाला. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, 16 डिसेंबर 1971 ला त्याच ढाक्यात पाकिस्तानी फौजेने आपल्या फौजेपुढे शस्त्रं ठेवली. कारणं आणखी पुष्कळ होती, हे मान्य. घाबरू नका, आमच्या गावात कोणी उठाव करत नाही. इथले लोक पत्र डोळ्यांना लावतात.

देशाच्या रक्षणात विदर्भ मागे आहे असंही कोणी म्हणू नये. पुलगावला दारूगोळ्याचं भांडार, भद्रावतीला, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, नागपूरला अंबाझरीला आयुध कारखाने. सगळा बारूद आमच्या अंगणात. 31 मे 2016 ला पुलगाव पेटलं, 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरला स्फोट झाला, माणसं गेली. माझा पुतण्या रोज पहाटे धुऱ्याच्या बाजूच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावतो. अग्निवीर व्हायचं आहे. चार वर्षांची नोकरी, पुढे शंभरातले पंचवीस ठेवणार. मी त्याला काही बोलत नाही. एवढंच सांगितलं की फॉर्म भरताना नावातले काने-मात्रे तपासून घे.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मला शाल-श्रीफळ दिलं. जय जवान, जय किसान झालं. मी उठून हा विषय मांडला, ठराव झाला, तालुक्याला गेला. तोही नस्तीबद्ध झाला असणार. तालुक्यात असे कानाबाधित हजारभर तरी असतील. आकडा कोणी देत नाही. रांगेत आणि टपरीवर विचारत गेलो तर एका दिवसात तेवीस नावं मिळाली, त्यावरून धरला. चुकला असेल तर खरा आकडा तुम्ही जाहीर करा, मी माफी मागतो. शाल घालून मागतो.

27 फेब्रुवारी जवळ आला आहे. मराठी भाषा गौरव दिन. त्याच कचेरीच्या दारावर फ्लेक्स लागेल, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्याचं अभिनंदनही असेल, खाली तुमचा फोटो. आईला दाखवायला नेणार आहे, अकरा खेपा झाल्याच आहेत, बारावी. त्याच्या आधी कोणाला तरी सांगून ती फाइल उघडता आली तर पाहा. पैसे द्या किंवा नका देऊ. पत्र मात्र असं पाठवा की ते मी आईला वाचून दाखवेन आणि ती मला पुन्हा म्हणून दाखवेल.

आपला,
एक निवृत्त हवालदार आणि कास्तकार,
जिल्हा यवतमाळ

ता.क. नाव लिहिताना: च वर अनुस्वार. मग द्र. मग भ, त्याला काना. मग ग, त्यालाही काना.