माझा अख्खा दिवस विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण तुमचं नाव त्यात घालत नाही. तुम्हाला गाजावाजा आवडत नाही हे ठाऊक आहे. तरी आभार उघडपणे मानावेसे वाटले, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या कामाचं आहे.

मान आखडते, कंबर धरते म्हणून मी तुमच्याकडे फिजिओथेरपीला आले. तपासायला घेण्याआधी तुम्ही माझा दिवस कसा जातो ते विचारलंत. बाळाला कुठे बसून पाजता? ओट्याशी किती वेळ उभ्या असता? लॅपटॉप कशावर ठेवता? पर्स रोज त्याच खांद्यावर असते का? झोपताना कुठल्या कुशीवर? फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि व्यायामाचा कागद, अशी माझी समजूत होती. इतक्या बारकाईने माझ्या दिवसाची चौकशी त्याआधी कुणी केलीच नव्हती.

लहानपणापासून "पोक काढू नकोस, ताठ बस" एवढंच कानावर पडलेलं. त्या पोकामागचं कारण पहिल्यांदा तुम्ही बोलून दाखवलंत. वयात येताना छाती दिसू नये म्हणून अनेक मुली खांदे पुढे ओढतात, वह्या छातीशी धरून चालतात आणि ती ठेवण अंगवळणी पडते. हे तुम्ही सहज सांगितलंत आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता भाची वाकून चालताना दिसली, तर मी तिला दटावत नाही. तिला नीट बसणारे कपडे मिळालेत ना, शाळेत कुणी काही बोलतं का, हे आधी विचारते.

मग तुम्ही माझ्याच मोबाइलवर माझा बाजूने फोटो काढलात. कान खांद्याच्या रेषेत असायला हवा, तो बराच पुढे आलेला. मोठ्या माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. ते जितकं पुढे झुकेल तितका मानेच्या मागच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. हे ऐकून मी लगेच छाती काढून उभी राहिले, तेव्हा तुम्ही बरगड्यांच्या खालच्या कडेवर दोन बोटं ठेवलीत. "बघा, बरगड्या वर उचलल्या गेल्या आणि कंबरेतला खळगा वाढला. श्वास सोडा. बरगड्या खाली येऊ द्या. आता फक्त डोक्याचा मागचा भाग वर न्या." तेवढ्याने मान मोकळी झाली. मणक्याला मानेत, पाठीत आणि कंबरेत नैसर्गिक बाक असतात, ते सपाट करायचे नसतात, हे मला त्या दोन बोटांमुळे कळलं. आणि बसण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी तासन्‌तास तसंच बसून राहिलं तर अंग आखडणारच. अर्ध्या तासाने उठायचं, चार पावलं टाकायची, ही माझ्या मते तुमची सगळ्यात मोलाची शिकवण.

घरातले बदल तर किती साधे होते! पाजताना मी बाळावर वाकायचे. तुम्ही मांडीवर उशी ठेवून बाळालाच छातीच्या उंचीवर आणायला लावलंत, पाठीला आधार आणि पायाखाली पाट. ओट्याचं म्हणाल तर तो कोपरापासून दहा-पंधरा सेंटीमीटर खाली असला की चिरायला बरं पडतं. माझा जास्तच खाली होता, म्हणून आता विळी-चाकूचं काम जाड पाटावर फळी ठेवून करते. बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय बुटक्या स्टुलावर, थोड्या वेळाने दुसरा. खालचं काही उचलताना पाठ न वाकवता खुब्यातून मागे जायचं, गुडघे वाकवायचे, वस्तू अंगाशी धरायची आणि श्वास सोडत उठायचं. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. यातल्या एकाही गोष्टीसाठी मला वेगळा वेळ काढावा लागला नाही, आणि म्हणूनच त्या टिकल्या.

खरे आभार मात्र एका प्रश्नाचे मानायचे आहेत. "शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात का?" हे मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. बाळंतपणानंतर असं होतंच, सोसायचं असतं, असंच धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, "हे पुष्कळ जणींना होतं, पण सोसायची काही गरज नाही." गरोदरपणात आणि प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. पोटाचे आणि पाठीचे खोल स्नायू, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) आणि हा तळ मिळून कंबरेला आतून आधार देतात. माझी कंबरदुखी आणि हे थेंब यांचा संबंध असू शकतो, हे तेव्हा उमगलं.

या स्नायूंच्या व्यायामाला आर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाचं नाव आहे. १९४८ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला होता. पण नुसतं नाव ऐकून सुरू करू नका, असं तुम्ही बजावलंत. काहींचे स्नायू ढिले नसून उलट आवळलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं, म्हणून तपासून घेणं बरं. माझ्यासाठी ठरलं ते असं: वायू अडवताना आवळतो तसं आत-वर ओढायचं, काही सेकंद धरायचं, मग पूर्ण सोडायचं, श्वास मात्र चालू ठेवायचा. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळायचं. लघवी मध्येच अडवून सराव करायचा नाही. थेंब जातील या भीतीने पाणी कमी प्यायचं नाही आणि शौचाला जोर करायचा नाही. आता शिंक आली की पोटात गोळा येत नाही. हा मोकळेपणा तुमच्यामुळे मिळाला.

चालणं मी करतच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामासोबत दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायामही सांगितलेत, हे तुमच्याकडून कळलं. वजन उचलणं बायकांचं काम नाही, हा समज तुम्ही ठामपणे खोडून काढलात. साधारण तिशीपर्यंत हाडांची कमाई होते आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) घटल्याने पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात. त्यासाठीची तयारी आजच करायची.

तुम्ही भीती घातली नाहीत, पण सावध केलंत. मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यांपैकी काही झालं तर व्यायाम करत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. हे मी मैत्रिणींनाही सांगून ठेवलंय.

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येतेय. तिची उंची पूर्वीपेक्षा कमी झाल्यासारखी वाटते आणि पाठीचा बाक वाढलाय. उंची अशी घटली तर मणका दबलेला असू शकतो, हे तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून तिच्या जुन्या कागदांतली उंची शोधून ठेवलीय. डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी चाचणी लिहून दिलीय. तिचा रिपोर्टही सोबत आणते.

तुमची मनापासून ऋणी,
तुमची एक पेशंट