तापी पुलावरूनच किती दिवस पाहायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की भुसावळ-जळगावकडच्या घरांमध्ये महाबळेश्वर की गोवा, एवढीच चर्चा सुरू होते. जायचं त्यांनी खुशाल जावं. पण सातपुडा आणि तापी दारात असताना आपण ती पाहिलेलीच नसावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खान्देशच्या माणसांनी खान्देश पायी हिंडून आणि पाण्यात उतरून पाहावा आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन-चार साध्या सोयी सरकारने कराव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

मी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. तापी मुलताईला उगम पावते, पश्चिमेला वाहते, लांबी 724 किलोमीटर, चांगदेवला पूर्णा येऊन मिळते. हे सगळं माझ्या विद्यार्थिनींना तोंडपाठ होतं. नदी मात्र त्यांतल्या बहुतेकींनी रेल्वेच्या खिडकीतून, पुलावरूनच पाहिलेली. आता त्या नोकरी-संसारातल्या बायका झाल्या आहेत आणि थंडीत सवड काढून आम्ही मिळून बाहेर पडतो. एकीने हवा भरायची कयाक घेतली आहे, दुसरीच्या भावाची आणतो.

चांगदेवच्या मंदिराजवळून सकाळी लवकर पाण्यात उतरावं. हतनूर धरणाचं फुगवट्याचं पाणी इथपर्यंत येतं, त्यामुळे हिवाळ्यात प्रवाह जाणवत नाही आणि वारा सुटायच्या आत वल्हं मारायला जोर लागत नाही. संगमाच्या मधोमध थांबलं की पूर्णेकडचं पाणी गढूळ, तापीकडचं जरा निवळ, असा फरक डोळ्यांना दिसतो. तो फळ्यावर काढून दाखवता येत नाही. काठाकडे वळलं की वल्हं गाळात रुततं. धरणात गाळ साचल्याच्या बातम्या आपण छापता. तो गाळ तिथे वल्ह्याच्या पात्याला चिकटून वर येतो, काळा आणि लोण्यासारखा मऊ. थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं ओढत बसलेल्या एका भोईदादांनी आम्हाला लांबूनच हाक मारली होती, "ताई, त्या झुडपांकडे नका जाऊ. पाणी गुडघाभर अन् गाळ कमरेभर!" असा माणूस सोबत असला की दुसरा गाईड लागत नाही.

म्हणूनच माझी पहिली मागणी त्यांच्यासाठी आहे. चांगदेवला आणि हतनूरच्या काठी उतरायला एकेक धड घाट बांधावा, मच्छीमार संस्थांना वल्ह्याच्या नावा आणि चांगल्या प्रतीची लाइफ जॅकेट द्यावीत आणि फेऱ्यांचं काम त्यांच्याकडेच सोपवावं. मोटरबोट नकोच. थंडीत हतनूरवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे लांबून आलेले पाहुणे असतात. इंजिनाच्या आवाजाने ते अख्खे थवे उठतात. त्यांच्या बाजूचं पाणी हिवाळ्यात नावांना बंदच ठेवावं. मुलींना नावेतून नेण्यासाठी परवानगी कुणाची लागते, हे विचारायला मी एका कार्यालयात गेले, तर तिथून दुसऱ्या आणि तिथून तिसऱ्या टेबलावर पाठवलं गेलं. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. नियम कडक असू द्यात, पण ते एका कागदावर, एका ठिकाणी मिळू द्यात.

पायी हिंडण्याचं म्हणाल तर यावल तालुक्यात आडगावकडून मनुदेवीला चालत जा. नवरात्रातली गर्दी ओसरल्यावर जा. डोंगरातून खळाळत आलेला नाला पायथ्याच्या दगडगोट्यांत शिरतो आणि बघता बघता पाणी कमी होत गडप होतं. हाच बझाडा पट्टा, म्हणजे डोंगरपायथ्याची पाणी मुरवणारी दगडगोट्यांची जमीन. इथे जमिनीत मुरलेल्या पाण्यावर खाली रावेर-यावलच्या केळीबागा उभ्या आहेत. तापीचं पाणी याच पट्ट्यात मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेबद्दल आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्या नाल्याच्या काठाने अर्धा तास चाललं तर ती योजना कशासाठी हवी, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पालच्या बाजूला सुकी नदी, चाळीसगावकडे पाटणादेवी, धुळ्याजवळ लळिंगचा किल्ला, नंदुरबारकडे तोरणमाळ. कोणत्याही तालुक्यातून सकाळी निघून गाठता येईल असं काही ना काही आहे. अडचण एसटीची. सकाळची एखादी लवकरची आणि संध्याकाळची परतीची गाडी असली तर स्वतःचं वाहन नसलेल्यांनाही जाता येईल.

आता स्वयंपाक. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, याबाबत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पानगळीनंतर एका ठिणगीने वणवा लागतो आणि त्यात पाखरांची घरटी जातात. आम्ही डोंगर उतरून ओळखीच्या शेतात येतो, मालकाला विचारून कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घेतो. भरताची हिरवी, मोठी वांगी टोचून, तेलाचा हात लावून त्या जाळावर टाकायची आणि साल काळी पडून आतून पाणी सुटेपर्यंत हलवत राहायची. जाळ भडकता असला की वांगं आत कच्चं राहतं. खाली निखारे धरले की मगच हात लावावा. मिरच्या, लसूण त्याच निखाऱ्यावर भाजून ठेचायचा, वर कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. सोबत घरून आणलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. गोवऱ्या मिळाल्या तर बट्ट्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी चव शेतातल्या जाळावरच कळते. निघताना राखेवर पाणी ओतायचं आणि प्लॅस्टिकचा चिटोराही मागे ठेवायचा नाही. पत्रावळी केळीच्या पानांच्या, त्या गुरांना जातात.

मार्चनंतर यातलं काही करू नये. आपल्याकडचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तिथे हौस कामाची नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने हाती असतात.

एक विनंती आपल्यालाही आहे. पावसाळ्यात हतनूरचे 41 पैकी किती दरवाजे उघडले, विसर्ग किती, हे आपण रोज छापता आणि नदीकाठच्या लोकांना त्याचा मोठा आधार वाटतो. तसाच हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पाणीपातळीचा आणि पाणी सोडण्याच्या तारखांचा छोटा चौकोन छापाल का? नाव पाण्यात घालायची की नाही, हे आम्हाला आदल्या दिवशी ठरवता येईल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, भुसावळ