पासिंगला पेटतो, घाटात विझतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की पेपरात ट्रकला मागून गाडी धडकल्याच्या बातम्या येतात आणि त्यात एक ठरलेलं वाक्य असतं, ट्रकचे मागचे दिवे बंद होते. वाचणाऱ्याला वाटतं बल्ब गेला असेल, मालकाने वीस-तीस रुपये वाचवले. मी रत्नागिरीत जुन्या ट्रकांचं वायरिंग करतो म्हणून सांगतो, बऱ्याचदा बल्ब चांगला असतो, गेलेला असतो तो अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट.

मागच्या लाइटला प्लसची वायर पुढून येते, पण जुन्या गाड्यांत मायनसची वेगळी वायर बहुतेक नसतेच, लाइटची पट्टी, तिचा बोल्ट, हौदा, चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, असं करत करंट बॅटरीला परत जातो. आपल्या खाऱ्या हवेत तो बोल्ट गंजला आणि वरून पेंटरने रंग फासला की परतीची वाट बंद. मग करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. ब्रेक दाबला की साइड लाइट मंद होते, इंडिकेटर दिला की ब्रेक लाइट पण बारीक लुकलुकते, आणि ड्रायव्हर म्हणतो गाडीला बाधा झालीय. बाधा कसली, एक वायर घ्या, एक टोक बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला लावा, दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला. सगळं नीट पेटलं की दोष अर्थचाच. मग प्रत्येक टेल लाइटला चेसिसपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर टाकायची, चेसिस घासून लखलखीत करायची, बोल्ट आवळून वर ग्रीस.

आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस म्हणजे पासिंगची तपासणी लागते, मग हे तिथे का सापडत नाय? कारण बघताना एकेक दिवा लावून बघतात. 24 व्होल्टवर 21 वॅटचा बल्ब एक अँपिअर पण घेत नाय, तेवढा करंट अर्धा गंजलेला बोल्ट पण ओढतो. साइड लाइट, ब्रेक, इंडिकेटर तिन्ही एकदम चालू करा, त्या एका लाइटच्या अर्थवर दोन अँपिअरच्या आसपास लोड येतो आणि लगेच सोंग उघडं पडतं. रात्री पावसात कुंभार्ली नायतर आंबा घाट उतरताना तिन्ही एकदमच लागतात ना? तर तपासणी पण तशीच व्हावी, माझी मागणी एवढीच आहे.

दोन्ही बाजूंची ब्रेक लाइट एकदम गेली तर मात्र बल्बकडे बघूच नका, आधी फ्यूज, मग ब्रेक लाइटचा स्विच. स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा, लाइट लागली तर स्विच खराब. पण एअर ब्रेकच्या गाडीत हा स्विच हवेच्या प्रेशरवर चालतो, टाकीत हवा भरलेली नसताना पेडल दाबून काय कळणार, तरी लोक चांगला स्विच काढून नवा बसवतात आणि बिल लावतात, आमच्याच धंद्यातले. व्होल्ट मोजायच्या मीटरचं पण तसंच. वायर एका तारेवर लटकत असली तरी मीटर पूर्ण 24 दाखवतो, म्हणून 21 वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प वापरावा, लोड पडला की खरं काय ते दिसतं. आणि सुई टोचून वायर तपासली तर त्या भोकावर टेप मारा, नायतर तिथूनच खारं पाणी शिरतं आणि आत तांबं हिरवं होऊन भुगा होतो, वरून वायर नवीकोरी दिसते.

इंडिकेटर चारही बंद असतील तर फ्लॅशर, म्हणजे ते लुकलुकवणारा डबा, बदलायच्या आधी हॅझर्डचं, म्हणजे चारही एकदम लावायचं बटण चार-पाच वेळा दाबून बघा, बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्यातूनच जातो आणि आत कार्बन धरतो. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवं असा नियम आहे, एकाच बाजूला त्याहून फास्ट व्हायला लागलं तर तिकडचा बल्ब गेलाय नायतर कोणीतरी हौसेने एलईडी टाकलाय.

मासळीच्या गाड्यांबद्दल वेगळं बोलायलाच हवं. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या मागच्या फटीतून थेट टेल लाइटवर गळतं, त्यामुळे चिरे वाहणाऱ्या गाडीचं वायरिंग जितकं टिकतं त्याच्या निम्मं पण इथे टिकत नाय. पाणी बाजूला नेणारा पाइपचा तुकडा लावला तरी खूप फरक पडतो, आणि जोड पिळून टेप मारण्यापेक्षा सोल्डर करून स्लीव्ह चढवावी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, आंब्याचा सीझन पण तोवर आटपलेला असतो, म्हणजे बऱ्याच गाड्या उभ्याच असतात. मिरकरवाडा, हर्णै अशा बंदरांवर गाडीवाल्यांनी आणि तपासणीवाल्यांनी मिळून जूनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस ठरवला तर तिन्ही दिवे एकदम लावून बघायला गाडीमागे पाच मिनिटं पण लागणार नायत. आमच्यासारखे वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन यायला तयार आहेत, फक्त तारीख आधी कळवा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, रत्नागिरी